ओनामा, ओनमालु आणि डेब्यू

लेकीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची सूचना पालकांच्या ग्रुपवर आली. त्यात लिहिले होते की एलकेजीची मुले त्या दिवशी रंगमंचावर ‘डेब्यू’ करणार आहेत. मी ती नेहमीप्रमाणे मंचेरियलला आई-बाबांना पाठवली. पाच मिनिटांत आईचा फोन. “काय होय हे डेब्यू? लस टोचणार आहेत का पोरीला?” मी म्हटले, “नाही गं, पदार्पण.” आई म्हणाली, “पदार्पण म्हणजे पाय ठेवणं. मग हे चार वर्षं ती काय हातावर चालत होती?”

आईचा विनोद सोडला तरी प्रश्न खरा होता. पहिल्यांदा काही होते, पहिल्यांदा कुणी दिसते, नवे काही सुरू होते, त्यासाठी आपण आता एकेक इंग्रजी शब्द सर्रास वापरतो. मी हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमचा दिवसच किक-ऑफने सुरू होतो, ऑनबोर्डिंगमधून जातो आणि कधीकधी पहाटे तीनच्या गो-लाइव्हवर संपतो. त्या फोननंतर मला या शब्दांची मुळे बघायचा नाद लागला.

‘डेब्यू’ फ्रेंच आहे आणि तो आला खेळातून. ‘ब्यू’ म्हणजे निशाण, लक्ष्य. खेळातला पहिला फटका मारणे म्हणजे डेब्यू. म्हणून तो क्रिकेटला अगदी चपखल बसतो. १५ नोव्हेंबर १९८९ रोजी कराचीत सोळा वर्षांचा सचिन मैदानात उतरला, तो डेब्यू. मराठी वर्तमानपत्रे त्याला कसोटी पदार्पण म्हणतात. पदार्पण म्हटले की मला मात्र उंबऱ्यावर तांदळाचे माप आणि ते पायाने लवंडून आत येणारी नवी सून दिसते. एकात निशाण आहे, दुसऱ्यात घर. चार वर्षांच्या मुलीने फुलपाखराचे पंख लावून तीन मिनिटे नाचणे यांपैकी नेमके कशात बसते, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

‘लाँच’ हा आमचा धंद्यातला लाडका शब्द. त्याचे मूळ भाला फेकण्यात आहे, ‘लान्स’ म्हणजे भाला. पुढे तो जहाज पाण्यात सोडण्यासाठी आला आणि तिथून रॉकेटपासून दंतमंजनापर्यंत सगळ्यांना चिकटला. जहाजासाठी मराठीत जलावतरण असा सुंदर शब्द आहे. विक्रांत या विमानवाहू नौकेचे जलावतरण कोचीला १२ ऑगस्ट २०१३ रोजी झाले. ती नौदलात दाखल झाली २ सप्टेंबर २०२२ रोजी. मधली नऊ वर्षे ती पाण्यावर होती, पण कामाची नव्हती. लाँच म्हणजे तयार नव्हे, फक्त पाण्यात सोडलेले. हे आमच्या क्लायंटला समजावता आले असते तर माझे बरेच शनिवार-रविवार वाचले असते.

‘प्रीमियर’मध्ये खास काही नाही. फ्रेंचमध्ये पहिला म्हणजे पहिला. पण आपले नाटकवाले बघा. खेळाला ते प्रयोग म्हणतात आणि पहिल्या खेळाला शुभारंभाचा प्रयोग. प्रयोगशाळेतलाच तो शब्द. पहिल्या दिवशी आम्ही करून बघतो आहोत, जमेल की नाही ते तुम्ही सांगा, असा नम्रपणा मला त्यात दिसतो. दादासाहेब फाळक्यांनीही ‘राजा हरिश्चंद्र’ आधी २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना दाखवला आणि मग ३ मे रोजी कोरोनेशनमध्ये तो तिकीट लावून सुरू झाला. आमच्या भाषेत, आधी बीटा, मग रिलीज.

मला खरोखर चकित केले ते ‘इनॉगुरेट’ने. उद्घाटन, फीत, कात्री आणि लांबलेली भाषणे एवढेच मला या शब्दात दिसत होते. त्याच्या पोटात ‘ऑगर’ आहे. प्राचीन रोममध्ये ऑगर हे पक्ष्यांच्या उडण्यावरून शकुन सांगणारे पुरोहित होते. पक्षी कुठून आले, कुठे गेले, हे बघून ते काम सुरू करावे की नाही ते ठरवत. ‘ऑस्पिशस’ म्हणजे शुभ, त्यातही पक्षी आणि पाहणे हेच दोन धातू आहेत. मग मी आपला शब्द उघडून पाहिला. संस्कृतात शकुन म्हणजे आधी पक्षी, मग पक्ष्यावरून कळणारी शुभाशुभाची खूण. रोमचे लोक आणि आपले पूर्वज, दोघेही नवे काम काढायच्या आधी मान वर करून आभाळाकडे बघत होते.

हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि बाबांना फोन लावला. कारण आमच्या मंचेरियलला हे अजून चालू आहे. दसऱ्याच्या दिवशी पालपिट्टा दिसला पाहिजे. पालपिट्टा म्हणजे नीलकंठ. निळ्या पंखांचा, विजेच्या तारेवर एकटा बसणारा. तो तेलंगणाचा राज्यपक्षी आहे. लहानपणी दसऱ्याला बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून गोदावरीकडे न्यायचे, शेजारचे अंकल त्यांच्या मुलांना घेऊन बरोबर. पक्षी दिसला की अंकल हात जोडायचे आणि बाबाही. परतताना ते जम्मीची पाने सोने म्हणून द्यायचे, आम्ही आपट्याची. दोन्ही सोनी आईने देवापुढे एकाच ताटलीत ठेवलेली असत. जम्मी म्हणजे आपली शमी, तो इथला राज्यवृक्ष आहे.

आणि गंमत बघा. मंचेरियल हा स्वतंत्र जिल्हा झाला तो ११ ऑक्टोबर २०१६ रोजी, आणि तो दिवस दसऱ्याचा होता. सरकारने त्या दिवशी राज्यात २१ नवे जिल्हे सुरू केले. जुन्या आदिलाबादचे चार तुकडे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियल आणि आसिफाबाद. पेपरात इनॉगुरेट हाच शब्द होता. कुणी पक्षी बघितला होता की नाही ते मला माहीत नाही, बाबांनी मात्र बघितला होता.

जिल्हे आमच्या घराला नवे नाहीत. आजोबा राजुऱ्याचे. ते कामासाठी मंचेरियलला आले १९५४ मध्ये, तेव्हा राजुरा आणि मंचेरियल एकाच आदिलाबाद जिल्ह्यात होते, निजामाच्या जुन्या हैदराबाद राज्यात. म्हणजे आजोबांनी जिल्हासुद्धा बदलला नव्हता. मग १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, राजुरा आणि किनवट मुंबई राज्यात गेले, मंचेरियल आंध्रात राहिले. आजोबा जागचे हलले नाहीत आणि परप्रांतात गेले. आमच्या घरातल्या या एका ‘न्यू बिगिनिंग’ला कुणी नारळ फोडला नव्हता.

इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी आम्हा सगळ्यांकडून पहिला प्रोग्रॅम लिहून घेतात. स्क्रीनवर ‘हॅलो, वर्ल्ड’ उमटले की झाले. ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकामुळे ही प्रथा जगभर गेली. त्या प्रोग्रॅमचा उपयोग शून्य. पण त्याशिवाय पुढे कुणी जात नाही. मी तो लिहिला त्या संध्याकाळी हॉस्टेलवरून घरी सांगितले, तर आई म्हणाली, “म्हणजे ओनामा झाला म्हण की.”

तेव्हा मी हसलो होतो. ओनामा हा शब्द आज किती जणांना माहीत असेल! पूर्वी पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर बोटाने पहिली अक्षरे गिरवायचे, तेव्हा म्हणायचे ‘ओ ना मा सी धं’. मूळ ‘ॐ नमः सिद्धम्’. त्याचा ओनामा झाला आणि कोणत्याही सुरुवातीचे ते नाव झाले. ‘श्रीगणेशायनमः’ लिहून पाटी सुरू व्हायची, त्याचा श्रीगणेशा झाला. आपल्या भाषेत आरंभ म्हणजे मुळात पाटीवरचे पहिले अक्षर.

मंचेरियलला वाढल्याचा मला झालेला फायदा असा की मला याची दुसरी बाजूही माहीत होती. तेलुगूत मुळाक्षरांना म्हणतात ओनमालु. ‘ॐ नमः’च तो. “त्याला ओनमालुसुद्धा येत नाहीत” म्हणजे त्याला त्यातले अबकडही कळत नाही. आमच्या गल्लीत एका घरात ओनामा होत होता, भिंतीपलीकडे ओनमालु. लहानपणी मला वाटायचे की शेजारच्या आंटी मराठी शब्द जरा लांबवून बोलतात. त्यांना वाटत असेल की आम्ही त्यांचा शब्द अर्धा तोडतो.

असाच आणखी एक शब्द सकाळी दुकानात ऐकू यायचा. भवानी. दिवसाची पहिली विक्री. “अजून भवानी झाली नाही” म्हटले की उधार मागायची सोय नसे. हिंदीवाले बोहनी म्हणतात, आमचा किराणावाला बोणी म्हणायचा. मला वाटत होते की इंग्रजीत हा प्रकार नसणारच, तिथे कशाला कुणी पहिली नोट कपाळाला लावेल! पण होता. ‘हँडसेल’ असा शब्द होता, सकाळी हाती आलेल्या पहिल्या पैशासाठी, शुभशकुनाच्या भेटीसाठी. आता तो जवळपास फक्त शब्दकोशात उरला आहे. माझ्या टीममधल्या इंग्लंडच्या सहकाऱ्याला विचारले, त्याने कधी ऐकला नव्हता. इंग्रजीसारख्या धनवान भाषेचाही सुरुवातीचा शब्द हरवतो, हे कळल्यावर मला जरा अस्वस्थ वाटले. गेला त्याचा आवाजही झाला नसणार. कुणीतरी एका पिढीत तो वापरायचा थांबला, एवढेच.

कारण आपल्याकडे सुरुवातीचे शब्द किती आहेत ते मोजून बघा. मूल पहिला घास खाते ते उष्टावण. पहिले केस काढतात ते जावळ. पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण. लग्नानंतरची पहिली दिवाळी म्हणजे दिवाळसण, जावयाच्या आवडीचा आणि सासऱ्याच्या खिशाचा. वऱ्हाडात कापसाची पहिली वेचणी करायच्या आधी शेतात दहीभात ठेवून सीतादही करतात. पत्नीच्या हॉस्पिटलच्या फाइलवर ‘प्रायमी’ लिहिलेले असायचे, म्हणजे प्रायमिग्रॅव्हिडा, पहिल्यांदा गरोदर. आईने फाइल बघितली आणि म्हणाली, “पहिलटकरीण आहे, जपा.” डॉक्टरांच्या लॅटिनपेक्षा त्या एका शब्दात मला जास्त काळजी ऐकू आली. इंग्रजीत पहिलेपणाला ‘मेडन’ लावायची सवय आहे, मेडन स्पीच, टायटॅनिकची १९१२ ची मेडन व्हॉयेज. कुमारिकेला भाषणापासून जहाजापर्यंत सगळीकडे राबवलेले मला तरी आवडत नाही. ‘हाउसवॉर्मिंग’ मात्र आवडतो. थंड देशातल्या लोकांनी नवे घर आधी शेकोटीने ऊबदार करावे हे ओघानेच आले. आपण वास्तूला शांत करतो, आणि मंचेरियलला गृहप्रवेशाला दूध मुद्दाम उतू घालवतात. वर्षभर दूध उतू गेले की बोलणी, त्या एका दिवशी सगळे टाळ्या वाजवतात.

यातले किती शब्द माझ्या लेकीपर्यंत जातील, हा माझा खरा प्रश्न आहे, आणि तो हळवेपणाचा नाही, हिशेबाचा आहे. ती इंग्रजी माध्यमात आहे. तेलंगणात २०१८ च्या कायद्याने शाळेत तेलुगू सक्तीची आहे, ते योग्यच आहे, ज्या मातीत राहतो तिची भाषा आलीच पाहिजे. तिसरी भाषा हिंदी येईल. वेळापत्रकात मराठीला तास नाही. आदिलाबादच्या सीमेकडे मराठी शाळा आहेत, पण त्या आमच्यापासून लांब. म्हणजे इंग्रजी आणि तेलुगू तिच्या आयुष्यात दारातून येतील, मराठी कुणीतरी आणली तरच.

गेल्या वसंत पंचमीला तिचे अक्षराभ्यासम करायचे ठरले. त्यासाठी बासर. गोदावरीच्याच काठी, आमच्यापेक्षा बरेच वर, नांदेडच्या बाजूला. ज्ञानसरस्वतीचे देऊळ आहे, आणि मुलांना पहिले अक्षर तिथेच काढायला लावायचे म्हणून तेलुगू आणि मराठी दोन्हीकडची माणसे येतात. जायच्या आदल्या रात्री घरात चर्चा झाली ती लिपीची. आईचे म्हणणे, ‘श्री’ मराठीतच निघाला पाहिजे. बाबा सिंगरेणीच्या खाणीत ३४ वर्षे राबलेले. ते म्हणाले, “आपल्या घरात भाकर तेलुगूनं आणली. पहिलं अक्षर तिचं.” पत्नीने आठवण करून दिली की नर्सरीत तिने ‘ए’ कधीच काढला आहे, तो पहिला दिवस कुठला होता तेही आपल्यापैकी कुणाला आठवत नाही. यावर सगळे गप्प झाले. खरेच आठवत नव्हते. वहीत एक दिवस वाकडा ‘ए’ दिसला होता, त्याखाली लाल शाईचा तारा.

बासरला प्रचंड रांग. आमची पाळी आली तेव्हा गुरुजींनी काही विचारले नाही. लेक माझ्या मांडीवर, पुढे पाटी. त्यांनी तिची मूठ आपल्या हातात घेतली, तिच्या बोटांतल्या बलपमने, म्हणजे आपल्या पाटीवरच्या पेन्सिलीने, तेलुगूत तीन-चार अक्षरे काढून घेतली, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि पुढचे मूल आले. सगळे मिळून दोन मिनिटे. बाबांनी हात जोडले. आई काही बोलली नाही, पण प्रसादाचा पुडा तिने माझ्या हातात न देता थेट पिशवीत टाकला, त्यावरून मला कळले.

मंचेरियलला पोचायला रात्र झाली. आईने साडीही बदलली नाही. ताटात तांदूळ पसरले, लेकीला पाटावर बसवले आणि तिचे बोट धरून तांदळात ‘श्री’ काढला. मग ‘ग’. लेकीला अक्षरापेक्षा तांदूळ आवडले. तिने मूठ भरून घेतली आणि श्री मोडला. आई म्हणाली, “असू दे, धूळपाटीवर असंच मोडून पुन्हा काढायचे.” दहाएक वेळा काढला त्यांनी. बाबा बाजूला पेपर वाचत होते. थोड्या वेळाने पेपर ठेवून तेही खाली बसले आणि त्यांनी ताटाच्या कोपऱ्यात तेलुगू ‘अ’ काढून दाखवला, बासरला तिला नीट दिसला नसेल म्हणून.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल असतो. इकडे ताट, तिकडे आई. पहिले दोन महिने लेक पळून जायची. मी जबरदस्ती केली नाही, पण ताट मांडायचे थांबवलेही नाही. शाळेचा अ‍ॅप तिला रोज चांदण्या आणि बॅज देतो, आमच्याकडे बक्षीस म्हणजे शेवटी तांदूळ उधळायची परवानगी. आवरायचे काम माझ्याकडे.

परवा ती ‘ळ’ला पोचली. हिंदीच्या मुलांना हे अक्षर जड जाते, हिला नाही, कारण तेलुगूतही ळ आहे आणि तिच्या मैत्रिणी तो दिवसभर उच्चारतात. तिने विचारले, “आजी, ळ फॉर काय?” आईने ‘बाळ’ म्हटले, ‘कमळ’ म्हटले. लेकीला पटेना. तिला ळने सुरू होणारा शब्द हवा होता. आई थांबली, मीही विचार केला. असा शब्द नाहीच. ळ कधी पहिला येत नाही. मागून बाबांचा आवाज आला, “तेलुगूतही तेच आहे. विचार तिच्या मिसला.”

लेकीने थोडा वेळ ताटाकडे बघितले, मग आधी ‘बा’ काढला, आईला विचारून, आणि त्याच्या शेजारी ळ. ळचे एक पोट जरा मोठे झाले आहे.